माणसांपेक्षा गाड्या जास्त, बरं, पण कुठल्या गाड्या?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुण्यात माणसांपेक्षा गाड्या जास्त झाल्या ही बातमी आता दरवर्षी एकदा तरी येतेच. २०१८ साली ती जोरात गाजली, तेव्हा शहराची लोकसंख्या ३५ लाख धरली होती आणि नोंदणी झालेल्या गाड्या ३६ लाखांच्या वर, त्यातल्या २७ लाख दुचाकी. तेव्हापासून फक्त आकडा वाढवायचा, फोटो तोच सिग्नलवरचा, मजकूर तोच. माझं म्हणणं एवढंच की हा आकडा असा एकगठ्ठा छापून वाचणाऱ्याला काही कळत नाही, उलट गैरसमज होतो, आणि त्याच गैरसमजावर पुढे महापालिका पार्किंग न् उड्डाणपूल ठरवायला बसते म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा, पण आकड्यांना कात्री लावू नका प्लीज.

मी नाना पेठेत स्पेअर पार्टच्या धंद्यात आहे, वडिलांपासून. त्यांनी दुकान काढलं ते सायकलच्या सामानाचं, फ्रीव्हील, छर्रे, तारा, पायडल, वॉलट्यूब (हवेच्या वॉल्व्हवर चढवायची रबरी नळी), डायनॅमो. मी गल्ल्यावर बसायला लागलो तोपर्यंत अर्धं दुकान स्कूटर आणि लूनाचं झालं होतं, आता मुलगा बघतो तर त्याच्याकडे सायकलचं एक कपाटसुद्धा नाही. त्यामुळे शहरात कुठल्या प्रकारच्या गाड्या वाढल्या न् कुठल्या संपल्या हे मला रॅकवरून कळतं, आणि खरं सांगायचं तर आरटीओपेक्षा जरा बरंच कळतं, कारण आरटीओला गाडी जन्मली की कळतं, मेली की कळत नाही. आमच्याकडे उलटं, गाडी जिवंत असेल तरच तिचा पार्ट खपतो.

आरटीओचा तो आकडा म्हणजे नेमकं काय ते आधी बघा. पुण्याच्या एमएच-१२ वर नोंदवलेल्या गाड्यांची बेरीज, त्यातून वजा काय तर ज्यांनी रीतसर अर्ज करून नोंदणी रद्द करून घेतली तेवढ्याच. आता मला सांगा, घरातली जुनी स्कूटर भंगारात दिली म्हणून कोण जातं हो आरटीओत रांग लावायला? दुचाकीचा टॅक्स एकदाच भरायचा, त्यानंतर पंधरा वर्षं आरटीओचं तोंड बघायचं काही कारण नाही, आणि पंधरा वर्षांनी पुनर्नोंदणी न् पर्यावरण कर भरायची वेळ येते तोपर्यंत ती स्कूटर एकतर जिन्याखाली गंजत पडलेली असते नाहीतर भंगारवाल्याने किलोवर नेलेली असते. आरसी बुक मात्र कपाटात लग्नाच्या अल्बमखाली सुखरूप, म्हणजे कागदावर गाडी पळतेच आहे.

दुसऱ्या बाजूने बघा. आमच्या दुकानासमोर रोज ज्या गाड्या लागतात त्यात एमएच-१३, एमएच-२४, एमएच-२५ कितीतरी, म्हणजे सोलापूर, लातूर, धाराशिव. पोरं शिकायला, नोकरीला आली आणि गाडी गावाकडून घेऊन आली, ती पुण्याच्या आकड्यात धरलेलीच नाही. पिंपरी-चिंचवडच्या एमएच-१४ वाल्या रोज इकडे येतात त्या वेगळ्याच. आणि एमएच-१२ म्हणजे काही फक्त महापालिकेची हद्द नव्हे, आजूबाजूच्या तालुक्यांतलेही लोक त्याच आरटीओत येतात. म्हणजे गाड्या एका हद्दीच्या, माणसं दुसऱ्या हद्दीची, त्यात निम्म्या मेलेल्या का पाव मेलेल्या हे कुणालाच माहीत नाही, आणि त्यावरून हेडलाइन.

इथे एक संधी आली होती ती आपण वाया घालवली असं मला वाटतं. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे ती नवी सुरक्षेची नंबर प्लेट, सक्तीची केली, २०२५ मध्ये त्याची मुदत एवढ्या वेळा वाढवली की लोकांनी व्हॉट्सॲपवर जोक केले. पण जोक सोडा, ही म्हणजे जिवंत गाड्यांची फुकटात झालेली शिरगणतीच होती की! ज्याने पैसे भरून प्लेट बसवली त्याची गाडी नक्की चालू आहे. उरलेल्यांत आळशी किती आणि भंगारात गेलेल्या किती हे वेगळं काढावं लागेल, मान्य, पण निदान हिशेबाला सुरुवात झाली असती. मुदतवाढीच्या बातम्या सगळ्यांनी छापल्या, १९९५ च्या किती स्कूटरनी प्लेट लावली न् २०१५ च्या किती मोपेडनी, हा तक्ता माझ्या तरी बघण्यात आला नाही.

मुंबईच्या टॅक्सीचं बघा म्हणजे मी काय म्हणतो ते लक्षात येईल. प्रीमियर पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेव आरटीओत नोंदली गेली, टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीला पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून संपली. तारखेनिशी सांगता येतं. आता पुण्यातली शेवटची चेतक कधी संपणार, संपली का, किती राहिल्या, सांगा कोणी. नाही सांगता येणार. (आहेत थोड्या, मला माहितीये, क्लच वायर न् गिअर वायर न्यायला अजून येतात लोक, पण त्यातले निम्मे हल्ली हौशी, आजोबांची स्कूटर रंगवून फोटो काढणारे.)

आता प्रकारांकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. सरकारचीच आकडेवारी आहे, १९५१ साली अख्ख्या देशात मिळून नोंदलेली वाहनं ३ लाख ६ हजार. त्यात कार, जीप, टॅक्सी मिळून १ लाख ५९ हजार म्हणजे निम्म्याहून जास्त, आणि दुचाकी फक्त २७ हजार, शंभरात नऊसुद्धा नाहीत. म्हणजे स्वतःचं इंजिन असलेलं वाहन ज्याला परवडायचं तो थेट मोटारच घ्यायचा, बाकी सगळे सायकल, टांगा, बस नाहीतर पायी. १९७१ पर्यंत हे असंच होतं, कार पावणेसात लाखांच्या आसपास आणि दुचाकी पावणेसहा लाख. आणि मग पुढच्या दहा वर्षांत काय झालं बघा, १९८१ ला दुचाकी २६ लाख, कार साडेअकरा लाख. १९९१ ला दुचाकी १ कोटी ४२ लाख, कार साडेएकोणतीस लाख. २०११ ला दुचाकी १० कोटी १८ लाख आणि कार १ कोटी ९२ लाख, म्हणजे शंभरात बहात्तर दुचाकी. कारचा वाटा ५२ टक्क्यांवरून चौदाच्या खाली आला, पण म्हणून कार कमी झाल्या का? तर साठ वर्षांत १२० पट झाल्या! फक्त टक्केवारी बघणारा म्हणेल कारचं प्रस्थ घटलं, फक्त बेरीज बघणारा म्हणेल सगळेच सारखे बेभान सुटले. दोन्ही चूक.

आणि त्याच तक्त्यात एक ओळ आहे तिच्यावर कोणी बोलत नाही. १९५१ ला दर शंभर वाहनांत अकरा बस होत्या, २०११ ला जेमतेम एक, आणि तीही ट्रॅव्हल्सवाल्यांच्या न् बाकी खासगी बस धरून. मला विचाराल तर दुचाकीची सगळी गोष्ट या एका ओळीत आहे.

ते ७१ ते ८१ मध्ये जे घडलं त्यात आपल्या पुण्याचा हात मोठा आहे बरं का. १९७२ साली आकुर्डीची बजाज चेतक आली आणि त्याच वर्षी फिरोदियांच्या किनेटिकची लूना. चेतकला नंबर लावावा लागायचा, सात-आठ वर्षं, काहींना दहासुद्धा, परकीय चलनात पैसे भरले तर लवकर मिळायची म्हणून लोक दुबई-अमेरिकेतला भाचा-पुतण्या शोधायचे, हुंड्याच्या यादीत स्कूटरचा नंबर असायचा. लूनाला एवढी कटकट नव्हती, शिवाय पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी येता यायचं, म्हणून शिक्षक, कारकून, एलआयसी एजंट, पूजा सांगणारे गुरुजी सगळे लूनावर. आमच्या दुकानाने या लोकांवर दिवस काढले. सकाळी साडेनऊला ऑफिसची वेळ, चेतक वाड्याच्या दारात तिरकी करून किकवर किक, मग प्लग काढून शर्टाच्या टोकाने पुसायचा, फुंकर मारायची, तरी नाही झाली तर आमच्याकडे नवा प्लग. पेट्रोल पंपावर टू-स्ट्रोक ऑईल वेगळं मापाने टाकून घ्यायचं आणि गाडी दोनदा हलवायची म्हणजे मिसळतं. आजच्या पोरांना हे सांगितलं तर खोटं वाटतं.

तेव्हा एक नियम होता जो आता मोडला, आणि माझ्या पत्राचा मुख्य मुद्दा खरं तर हाच आहे. तेव्हा एक वाहन आलं की आधीचं जायचं. लूना घेतली की सायकल विकायची किंवा पुतण्याला द्यायची, चेतकचा नंबर लागला की लूना विकायची, आणि ज्याचं नशीब फारच फळफळलं त्याने फियाट घेतली तर चेतक मेव्हण्याकडे. घरात वाहन एकच, फक्त प्रकार बदलायचा. म्हणून तेव्हा प्रकारांचा तक्ता बघून समाज कुठून कुठे चाललाय हे कळायचं. आज नवीन येतं पण जुनं जात नाही. कार आली तरी ॲक्टिव्हा राहतेच, कारण कार घेऊन लक्ष्मी रोडला कोण जाणार, मुलाला पल्सर, मुलीला तिची वेगळी स्कूटर, आई-वडिलांची जुनी स्प्लेंडर आहेच दूध-भाजीला, आणि बाल्कनीत २५-३० हजाराची गिअरची सायकल जिच्यावर टॉवेल वाळत घालतात.

सायकलीचा विषय निघालाच आहे तर, ती तर कुठल्याच हिशेबात नाही. पूर्वी महापालिका सायकलीला बिल्ला द्यायची, कर भरून हँडलजवळ लावायचा, नसला की दंड, रात्री दिवा नसला तरी दंड, डबलसीट दिसलात तरी दंड. लोक शिव्या घालायचे पण निदान सायकली मोजल्या तरी जायच्या. बिल्ला गेला आणि सायकल कागदावरून गायब झाली, रस्त्यावरून व्हायच्या आधीच. सायकलींचं शहर म्हणून आपण मिरवतो पण सायकली कधी, कुठल्या भागातून, किती कमी झाल्या याचा दरवर्षीचा धड आकडा कुठे मिळत नाही. माझ्या अंदाजाने नव्वदच्या दशकात वॉलट्यूबचा खप पडला तेव्हा झालं ते. कारण फक्त आळस नाही. शहर लांब झालं. वाड्यातून शाळा, शाळेतून मंडई, ऑफिस कॅम्पात, हे सायकलच्या टप्प्यातलं पुणं होतं. मग आजूबाजूची गावं हद्दीत आली, हिंजवडीला आयटी पार्क झालं, २०१७ ला ११ गावं, २०२१ ला आणखी २३, आणि हद्द ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेली. धायरीत राहून खराडीला नोकरी करणाऱ्याला सायकल चालव म्हणून सांगणं हा निव्वळ आचरटपणा आहे. २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर झाला, ॲपवर मिळणाऱ्या रंगीबेरंगी सायकली पण आल्या, दोन-तीन वर्षांत त्या कुठे गेल्या ते नदीपात्राला विचारा.

पुढचा बदल ८४-८५ चा. जपानी कंपन्यांशी करार झाले, किनेटिक होंडा आली बटण स्टार्टची, बिनगिअरची, हिरो होंडा सीडी १०० आली, यामाहा आरएक्स १०० आली, नंबर लावून वाट बघणं संपत गेलं. आमच्या धंद्यात हा फार मोठा फरक, कारण हिरो होंडासारखी फोर-स्ट्रोक गाडी बिघडत नाही हो! टू-स्ट्रोकचा कार्बन काढणारे मेकॅनिक हळूहळू बेकार झाले. मग दोन हजारच्या आसपास धुराचे नियम कडक झाले, टू-स्ट्रोक मागे पडल्या, २००१ च्या सुमाराला ॲक्टिव्हा आणि पल्सर आल्या आणि २००९ अखेरीस बजाजने स्कूटर बनवणंच बंद करायचं ठरवलं. त्याच चेतक नावाने २०२० ला इलेक्ट्रिक आणली. आता त्या इलेक्ट्रिकला प्लग नाही, ऑईल नाही, कार्ब्युरेटर नाही, बिघडली तर लॅपटॉप लावतात आणि सामान कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला मिळतं, म्हणजे माझ्या रॅकवरून कळायचं ते आता मलाही कळणार नाही. मुलगा म्हणतो बाबा, टायर आणि हेल्मेट ठेवू, बाकीचं विसरा. असो.

बिनगिअरच्या गाडीने अजून एक केलं, जे कुठल्याही नोंदणीत दिसत नाही. आमच्या दुकानात ऐंशीच्या दशकात बाई गिऱ्हाईक म्हणून येणं म्हणजे नवल, नवऱ्याने पाठवलेली असायची चिठ्ठी घेऊन. किनेटिक होंडा, सनी, स्कूटी आणि मग ॲक्टिव्हा, यांनी ते पालटलं. आज काउंटरला येऊन बेल्ट, रोलर, ब्रेक शू कुठल्या कंपनीचा चांगला हे विचारणाऱ्या बाया रोज येतात, स्कार्फ डोक्याला तसाच, हातात मोबाईलवर पार्टचा फोटो. पण गाडी कुणाच्या नावावर? बाबांच्या नाहीतर नवऱ्याच्या. म्हणजे आरटीओच्या मते मालक पुरुष. चालवते कोण हे विचारायला आकडेवारीत जागाच नाही.

गावाकडे अजून वेगळं. तिथे राजदूत न् बजाजच्या एम-एटीने दूध डेअरीला नेलं, दोन्ही बाजूला कॅन लटकवून. घरची दुचाकी नव्हती तेव्हा वडापच्या जीपला लटकून बाजार केला लोकांनी. टाटाचा छोटा हत्ती टेम्पो २००५ ला आला तेव्हा ज्याच्याकडे बैलगाडीशिवाय काही नव्हतं अशा माणसाच्या नावावर पहिल्यांदा चारचाकी लागली, कर्जावर का होईना. आता एकगठ्ठा आकड्यात भाजी आणणारा तो छोटा हत्ती पण एक वाहन आणि बाणेरमधली डिझेलची धूड एसयूव्ही पण एकच वाहन.

कारच्या आत पण प्रकार बदलले ते बघा. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, लांबी सव्वातीन मीटरच्या आसपास. आज मधल्या आकाराची म्हणतात ती एसयूव्ही सव्वाचार मीटरच्या पुढे, रुंदी तर विचारूच नका, पेठेतल्या बोळात दोन समोरासमोर आल्या की अर्धा तास तमाशा. २००८ मध्ये टाटांनी नॅनो दाखवली, स्कूटरवर चौघांचं कुटुंब बघून सुचली असं रतन टाटा म्हणाले होते, सगळ्यांना वाटलं आता दुचाकीवाला सगळा कारमध्ये बसणार. नाही बसला. २०१८ ला नॅनो बंद. तो दुचाकीवाला थांबला आणि जरा पैसे साठल्यावर, ईएमआय बसल्यावर थेट मोठी गाडी घेतली. २०२४-२५ मध्ये देशात ४३ लाखांच्या आसपास प्रवासी गाड्या विकल्या गेल्या त्यात ६५ टक्के एसयूव्ही न् तत्सम प्रकारच्या. आणि हे आवडीनिवडीचं एवढंच नाही, कराचंही आहे. २००६ च्या बजेटमध्ये चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना एक्साइज कमी केली, लगेच कंपन्यांनी गाड्यांची शेपटं कापून ३९९५ मिलिमीटरच्या गाड्या काढल्या. २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या कार आणि ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी २८ चा १८ झाला, दसऱ्याला शोरूमसमोर झेंडूच्या माळा घातलेल्या गाड्यांची रांग. सायकलचा पण १२ चा ५ झाला म्हणे, तिच्यासाठी काही रांग लागल्याचं दिसलं नाही.

आता जनगणनेचं. २००१ आणि २०११ ला घरयादीच्या वेळी विचारलं होतं, घरात सायकल आहे का, स्कूटर-मोटरसायकल-मोपेड आहे का, कार-जीप-व्हॅन आहे का. देशाचे आकडे असे, सायकल असलेली घरं ४३.७ टक्क्यांची ४४.८, म्हणजे जवळपास तिथल्या तिथे, दुचाकीवाली ११.७ ची २१ टक्के, चारचाकीवाली अडीच टक्क्यांची ४.७. नंतर २०१९ ते २१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत दुचाकीवाली घरं वाढून शंभरात जवळपास पन्नास झाली, चारचाकीवाली साडेसात टक्के. हा साडेसातचा आकडा नीट वाचा. टीव्हीवरच्या जाहिराती बघून वाटतं घरोघरी कार आहे, प्रत्यक्षात शंभरातल्या नव्वदपेक्षा जास्त घरांत नाही. आपल्या शेजारचा गोवा मात्र वेगळाच, तिथे त्याच पाहणीत ४५ टक्क्यांच्या आसपास घरांत कार निघाली, देशात सगळ्यात वर. गोव्यात जाऊन आलेल्याला नवल वाटणार नाही, दोन गावांमध्ये संध्याकाळनंतर बस मिळेल तर शपथ, पूर्वी निदान पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, हमखास मिळायचा.

पण या प्रश्नात गोम आहे. आहे किंवा नाही एवढंच विचारतात. १९८१ सालच्या घरासाठी तो प्रश्न बरोबर होता, कारण असली तर एकच असायची. आज ज्या घरात एक जुनी स्प्लेंडर आहे ते घर पण हो, आणि ज्या घरात चार दुचाकी आहेत ते पण हो. दोन कारवाला बंगला न् एक सेकंडहँड वॅगन आरवाला रिक्षा स्टँडजवळचा फ्लॅट, दोघंही हो. म्हणजे आरटीओकडे गाड्या आहेत पण घर नाही, आणि जनगणनेकडे घर आहे पण गाड्या किती ते नाही. मधला आकडा, कुठल्या प्रकारच्या किती गाड्या एका घरात साचल्या, तोच नेमका कुणाकडे नाही, आणि आमच्या सोसायटीत रोज रात्री भांडण होतं ते याच आकड्यावरून. बिल्डिंग ७८ सालची, नकाशात सायकल स्टँड दाखवलाय, चार स्कूटर मावतील एवढी जागा आणि डॉक्टरांच्या फियाटसाठी एक पत्र्याची शेड. आज फ्लॅट तेवढेच, माणसं कमी झालीत (अर्धी मुलं परदेशात), पण रात्री दहानंतर आलेल्याला दुचाकी लावायची तर आधी दुसऱ्याच्या तीन सरकवाव्या लागतात. मीटिंगमध्ये ठराव काय होतो, तर प्रत्येक फ्लॅटला वाहन एक. मग एकाची एसयूव्ही म्हणजे एक आणि दुसऱ्याची मोपेड म्हणजे पण एक! महापालिकेचा विचार काही यापेक्षा फार वेगळा चालतो असं मला वाटत नाही.

२०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नवीन कार नोंदवायची नाही असं सूतोवाच केलं होतं. कल्पना वाईट नाही, पण ज्या शहराला एका घरात कार किती न् दुचाकी किती हेच माहीत नाही तिथे ती राबवणार कशी? दाखले विकणारे एजंट तेवढे गबर होतील.

एक मात्र स्पष्ट सांगतो, दुचाकीवाल्याला या बातमीत खलनायक करू नका. त्याने हौस म्हणून नाही घेतली, बस आली नाही म्हणून घेतली. २००६ ला कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळा मार्ग, देशात पहिली म्हणून आपण केली, २००७ ला पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा एक करून पीएमपी केली, २०२२ ला मेट्रो सुरू झाली, सगळं चांगलंच आहे, पण मेट्रोतून उतरल्यावर घरापर्यंत जायला पुन्हा दुचाकीच लागते म्हणून लोक स्टेशनखाली दुचाकी लावून जातात. त्या दुचाकीला तुम्ही मोजताना फक्त एक वाहन वाढलं म्हणणार, का रोजचा लांबचा प्रवास वाचला म्हणणार?

तर संपादकसाहेब, विनंती अशी की यंदा ही बातमी कराल तेव्हा एकूण बेरजेऐवजी त्या वर्षात नवीन नोंदलेल्या गाड्या प्रकारानुसार छापा, मोटरसायकल वेगळी, बिनगिअरची वेगळी, कार वेगळी, मालवाहू, रिक्षा, बस वेगळं, इलेक्ट्रिक वेगळं, आणि शेजारी दहा वर्षांपूर्वीचा तोच तक्ता. परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर आरटीओनुसार हे सगळं कुणालाही बघायला मिळतं, त्यासाठी माहिती अधिकार वगैरे काही लागत नाही. पंधरा वर्षांवरच्या किती गाड्यांची पुनर्नोंदणी झाली आणि किती जुन्या गाड्यांना एचएसआरपी लागली हे आरटीओला विचारा, म्हणजे कागदावरच्या किती आणि रस्त्यावरच्या किती ते थोडं तरी उघडं पडेल. आणि महापालिकेला विचारा की मिळकतकराच्या बिलासोबत घरटी एक फॉर्म, कुठली वाहनं किती, सायकल धरून, एवढं करायला काय अडचण आहे. नव्या जनगणनेच्या घरयादीचं काम २०२६ च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये ठरलं, त्यात आपण काही बदलू शकत नाही, पण पुण्यापुरतं हे करता येईल. तक्ता काढायला कुणी नसेल तर माझा मुलगा काढून देईल, तो दिवसभर कम्प्युटरवरच असतो, दुकानाचा पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिलाय, तो मात्र छापू नका.

आपला,
एक जुना वाचक, नाना पेठ, पुणे